अर्ध्या तासाची जीप

मुळीच चालू न होणारी मोटार परवडते. ती अंगणात उभी राहते, तिच्या टपावर कोंबड्या बसतात आणि तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा उरत नाही. पण जी चालते, चांगली चालते आणि मनात येईल तेव्हा थांबते, तिच्यासारखा छळ दुसरा नाही. आमच्या थोरल्या मामांची जीप ही या जातीची होती.

मामांचे शेत जळगावजवळ असोद्याच्या शिवारात. असोदे म्हणजे बहिणाबाई चौधरींचे माहेर. मी तिथे गेलो की मला त्यांची आठवण होते आणि मामांना केळीच्या भावाची. पेट्रोलवर चालणारी ती जुनी जीप मामांनी तीस वर्षे वापरली. तिच्यातून खते गेली, केळीचे घड गेले, दोन वऱ्हाडे गेली. पुढे गुडघे दुखू लागले, क्लच दाबवेना, म्हणून मोठ्या कष्टाने त्यांनी ती विकायचे ठरवले.

गिऱ्हाईक मी आणले. मी धुळ्याला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना साक्रीच्या बाजूला शेतावर जाण्यासाठी गाडी हवी होती. "तुमच्या मामांची ना? मग त्यात पाहायचे काय!" असे म्हणून त्यांनी न पाहताच विसार दिला. मीही छाती पुढे काढून तो घेतला.

कोजागिरीनंतरच्या रविवारी गाडी आणण्यासाठी मी असोद्याला गेलो. मामींनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, गुरुजींसाठी केळ्यांच्या दोन फण्या मागे ठेवल्या. मामा चालकाच्या जागेवर बसले, गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली, आणि फाटकाबाहेर पडता पडता ते म्हणाले,

"एक सांगतो. ही अर्ध्या तासानं बंद पडते."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद पडते. दहा मिनिटांनी आपोआप चालू होते." मग रस्त्याकडेच पाहत ते हळूच म्हणाले, "तुझे गुरुजी फिरवून फिरवून किती फिरवतील? पंधरा मिनिटं. तेवढी ती वाघासारखी चालते."

मामांनी उभ्या जन्मात कोणाचा पैसा बुडवलेला नाही. तरी ते असे बोलले, आणि मी, मुलांना रोज संतवाङ्मय शिकवणारा माणूस, काही बोललो नाही. विसाराच्या नोटा मीच मोजून घेतल्या होत्या.

जळगाव ते धुळे हा रस्ता नव्वदेक किलोमीटरचा. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की विद्यापीठ लागते. १९९० साली ते 'उत्तर महाराष्ट्र' या नावाने सुरू झाले, २०१८पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या नावाचे विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे, याचा मला दरवेळी अभिमान वाटतो, आणि दरवेळी मी तो सोबतच्या माणसाला बोलून दाखवतो. त्या दिवशीही बोलून दाखवत होतो. पाळधी मागे पडली आणि जीप खोकली. एकदा, दोनदा. मग उसासा टाकून ती रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

घड्याळात पाहिले. अठ्ठावीस मिनिटे.

मामा शांतपणे उतरले. त्यांची एक पद्धत ठरलेली होती. "फट्कन, दिवा मालवल्यासारखी बंद पडली तर दोष विजेचा. खोकत खोकत गेली तर पेट्रोलचा," ते म्हणाले. तरी खात्रीसाठी त्यांनी प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. निळी ठिणगी टणकन उडाली. वीज ठीक होती. मग त्यांनी बाटलीतल्या पाण्याने फडके भिजवून इंजिनच्या अंगच्या पेट्रोल पंपावर ठेवले. खानदेशात हा उपाय पोरासोरांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी नुसती वाफ ओढत बसतो. पण हा ऑक्टोबर होता, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी स्वेटर घालून बसलो होतो.

"तीन मिस्त्री झाले," मामा सांगू लागले. "एकानं कार्ब्युरेटर धुतला, एकानं कॉइल बदलली, एकानं पंपाचा पडदा नवा टाकला. गंमत अशी की गॅरेजात नेली की ही कधी बंद पडतच नाही. प्रत्येक मिस्त्री म्हणतो, झाली दुरुस्त, आणा पैसे." बोलता बोलता त्यांनी टाकीचे झाकण काढून आत काठी बुडवली. पेट्रोल दाखवणारा काटा कधीच मेला होता. "पेट्रोल तर भरपूर आहे," असे म्हणून त्यांनी स्टार्टर मारला, आणि गाडी सुरू झाली.

धुळ्याच्या मराठीच्या मास्तराला राजवाड्यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही, तेव्हा तेही उरकून घेतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरलेल्या या माणसाच्या नावाने चाललेले संशोधन मंडळ आमच्या गावात आहे, आणि तिथल्या पोथ्या चाळताना मी एक शिकलो आहे. नकलेत चूक कुठे शिरली हे कळत नसेल, तर तर्क लढवण्याआधी प्रत्येक ठिकाणी काय काय घडले ते टिपून ठेवावे. मी खिशातला एक जुना हजेरीचा कागद काढला आणि लिहिले : पाळधीपुढे. अठ्ठावीस मिनिटे. ठिणगी आहे. ओले फडके. काठी. चालू.

एरंडोल ओलांडल्यावर पुन्हा तेच. तीस मिनिटे. ठिणगी, फडके, काठी, चालू. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता, वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकल्या होत्या, त्यांतली एक आमच्याकडे पाहून हसली. पारोळ्याला ऐन गावातला भुईकोट किल्ला पाहायचे मी ठरवले होते. झाशीच्या नेवाळकरांचा या गावाशी जुना संबंध आहे. पण थांबायचे कुठे हे आता आमच्या हाती राहिलेच नव्हते. पारोळ्याबाहेर जीप तिसऱ्यांदा खोकली, ती नेमकी एका पंक्चरच्या टपरीसमोर.

"काय व्हयनं, भाऊ?" तो तरुण विचारत आला.

मामा बॉनेट उघडू लागले. मी अंगावर काही नको म्हणून हजेरीचा कागदच त्याच्या हाती दिला. त्याने तो वाचला. एकदा मामांकडे, एकदा कागदाकडे पाहिले. "फडकं ऱ्हाऊ द्या," असे म्हणून तो सरळ बैठकीकडे गेला आणि टाकीचे झाकण फिरवू लागला. झाकण सैल होताच "फुस्स" असा लांब आवाज झाला. बाहेरची हवा आत धावत होती.

"स्टार्टर मारा."

गाडी सुरू झाली.

"टाकीले दम लेवाले जागाच नही शे, भाऊ," तो म्हणाला.

इतके सोपे होते! टाकीतले पेट्रोल इंजिन ओढून घेते, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. हवा आली नाही तर आत पोकळी होते, ती पेट्रोलला मागे धरून ठेवते आणि पंप कितीही दमला तरी थेंब पुढे येत नाही. दहा मिनिटे थांबले की फटीफटीतून थोडी हवा शिरते. आणि जे तीन मिस्त्री झाले, त्या प्रत्येकाने सर्वांत आधी काय केले असेल? पेट्रोल आहे का पाहण्यासाठी झाकण उघडले असेल! रोग त्यांनी दारातच बरा केला आणि मग आत जाऊन कॉइल बदलली. माझ्या कागदावर दोन्ही वेळा 'काठी' लिहिले होते. पण मी अक्षरे टिपली, अर्थ त्याने लावला.

"हे झाकण गाडीचं नव्हे," तो म्हणाला. मामांना आठवले. नातवाने जुने झाकण विहिरीत टाकले होते, हे बाजारातून तात्पुरते आणले होते. कधी? होळीच्या सुमारास. बंद पडणे कधीपासून? मामा काही बोलले नाहीत.

त्या पोराने झाकणातला रबरी वायसर काढला, त्याला ब्लेडने एक बारीक खाच पाडली आणि परत बसवला. धुळ्यात भोकाचे झाकण मिळेल ते घ्या, असे बजावले. पैसे घेईना. रबर त्याचे नव्हते, ब्लेड जुने होते, मग पैसे कसले, हा त्याचा हिशोब.

फागणे आले, गेले. घड्याळाकडे आम्ही दोघेही पाहत होतो आणि पाहत नाही असे दाखवत होतो. पांझरेपर्यंत जीप खोकली नाही.

गुरुजी फाटकातच उभे होते. चहा व्हायच्या आत मामा म्हणाले, "गुरुजी, ही गाडी अर्ध्या तासानं बंद पडायची. आज सकाळपर्यंत पडत होती. आता पडू नये, पण मला खात्री नाही. तुम्ही स्वतः चालवा. आवडली नाही तर विसार परत घ्या." आणि त्यांनी नोटांचे पाकीट सरळ टेबलावर ठेवले. ते त्यांनी असोद्याहून निघतानाच खिशात घेतले होते, हे मला तेव्हा कळले.

दोघे लळिंगाकडे निघून गेले. मी गुरुजींच्या पत्नीसमोर चहा पीत बसलो. लळिंग किल्ला इथून फार तर दहा किलोमीटर. अर्धा तास झाला. पाऊण झाला. सव्वा तासाने मी चप्पल घालून रस्त्यावर आलो, तेव्हा कोपऱ्यावर हॉर्न वाजला. गुरुजी चालवत होते.

"लळिंगाला जाऊन यायला अर्धा तास भरेना," ते म्हणाले, "म्हणून आर्वीपर्यंत जाऊन आलो."

मामा संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले. रात्री दहाला त्यांचा फोन आला.

"पारोळ्याला उतरलो होतो," ते म्हणाले. "त्या पोराची टपरी बंद होती. केळी शेजारच्या चहावाल्याकडे ठेवली. गुरुजींना सांग, दुसरी फणी पाठवतो."