बारडोलीच्या गोऱ्या म्हशी

नंदुरबार सोडलं की सुरतेकडची गाडी नवापूरला थांबते. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पुढे व्यारा आणि मग बारडोली. उतरून थेट स्वराज आश्रम गाठला. १९२८चा साराबंदीचा लढा वल्लभभाईंनी याच गावातून चालवला.

रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला शेतसारा भरायचा त्या पद्धतीत, साधारण तीस वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी व्हायची. मुंबई सरकारने बारडोली तालुक्याचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. कारण काय, तर तालुका सुखवस्तू झालाय! १२ फेब्रुवारीला शेतकऱ्यांनी ठरवलं, सारा भरायचा नाही.

मग जप्त्या सुरू झाल्या. सरकारने पठाण आणले. शेतकऱ्यांकडे कडी-कोयंडा होता. जप्तीवाल्यांची चाहूल लागली की ढोल वाजायचे आणि गाव दारं लावून घ्यायचं. एकाच छपराखाली माणसं आणि म्हशी, तिथेच शेणमूत, तिथेच चूल, आणि हे दिवसचे दिवस. ऊन न लागल्याने म्हशींचा रंग उतरला. त्या आता गोऱ्या मडमा झाल्या, अशी थट्टा वल्लभभाई करत. सभा हसायची; पण दुभतं जनावर कोंडून ठेवण्याची किंमत काय, ते ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्यालाच विचारावं. तिकडे पटेल-तलाठ्यांनी राजीनामे दिले, जमिनी लिलावात गेल्या, तरी तालुका हलला नाही.

ऑगस्टमध्ये सरकार चौकशीला तयार झालं. चौकशीला मॅक्सवेल यांच्यासोबत नेमले गेले ब्रूमफील्ड. १९२२मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. त्यांनीही वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. जमिनी परत मिळाल्या, वल्लभभाई ‘सरदार’ झाले.

आश्रमातून बाबेनच्या साखर कारखान्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. तो बघताना पुन्हा तो लढा आठवला. सारा भरणारा होता शेतमालक. त्याच्याकडे कर्जापायी पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या हळपती शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न त्या लढ्यात नव्हताच. लढा त्यामुळे लहान ठरत नाही, पण अर्धा राहिला असं मला वाटतं. आज इथला ऊस तोडायला आपल्या धुळे-नंदुरबारकडूनही आदिवासी टोळ्या येतात आणि फडालगत झोपड्या टाकून हंगाम काढतात.

बारडोलीला जाणार असाल तर हिवाळ्यात, तोड चालू असताना जा. आश्रम बघून झाला की फडावरही जा, आणि टनामागे किती मिळतात ते विचारा.