बॅटरी मारली कुणी?

रत्नागिरीच्या आसपास, खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यांत बंद घरांबरोबर उभ्या गाड्याही पुष्कळ दिसतात. कमावता माणूस कुवेत, दुबई, सौदीला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. तो सुट्टीवर येतो तेव्हा ती धावते. एरवी तिच्याकडे बघायचं ते घरातल्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी. अशा गाडीची तक्रार ठरलेली: बॅटरी उतरली.

आमच्या घरी हे 2022 साली सुरू झालं. दादाची गाडी चार दिवस उभी राहिली की सुरू होईना. दुकानदाराने बॅटरी तपासली आणि "गेली" म्हणाला. दादाने कुवेतहून पैसे पाठवले, नवी आली. तीही वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. अशातच पावसाळ्यातल्या एका रात्री अम्मीचा दमा उसळला. मी किल्ली फिरवली तर नुसता टकटक आवाज. शेजारच्या रिक्षावाल्याला उठवून तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. अल्लाहच्या कृपेने ती बरी होऊन घरी आली. दादा फोनवर म्हणाला, "तिसरी घेऊन टाक, पैसे पाठवतो." मी म्हटलं, आधी कारण कळू दे.

मिरकरवाड्यात मच्छीमार बोटींचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत, त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "बॅटरी मेली हे खरं, बेटी. पण मारली कुणी ते बघू." दुकानदार खोटं बोलला नव्हता. बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची ताकद कायमची जाते. त्याने परिणाम पाहिला होता. कारण गाडीतच होतं.

बंद गाडीही थोडी वीज पितेच. घड्याळ, कुलूप, संगणकाची स्मृती यांना ती लागते. 50 मिलीअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्यानेही 35 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते. आमची तर चार दिवसांत होत होती.

चाचांनी आधी बॅटरी चार्ज करून घेतली. मग ऋण टोकाची तार सोडवली आणि तार व टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, 10 अँपिअरच्या भोकात पिन घालून. "आता किल्लीला हात लावायचा नाही. स्टार्टर फिरला तर मीटरचा फ्यूज उडेल." दारं बंद करून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले संगणक लगेच झोपत नाहीत. चहा झाला. आकडा 0.43 वर स्थिर. मग एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा. हॉर्न, काहीच फरक नाही. टेप, नाही. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच आकडा 0.02 वर आला.

छतावरचा दिवा तर बंद होता. चाचांनी फ्यूज परत बसवला, थोडा वेळ जाऊ दिला आणि झटकन डिकी उघडून आतल्या दिव्याला बोट लावलं. काच गरम! डिकीच्या कुलपातला स्विच खाऱ्या हवेने गंजून अडकला होता. झाकण बंद झालं तरी 5 वॅटचा तो दिवा अंधारात रात्रंदिवस जळत होता. दोन बॅटऱ्या त्याने खाल्ल्या होत्या.

चाचांनी स्विच बदलला, टोकांवरचा हिरवा-पांढरा थर गरम पाण्याने धुतला, ग्रीस लावलं. ज्या घरी गाडी चालवणारं कुणीच नाही, त्यांना त्यांचा सल्ला सोपा आहे: सुट्टी संपवून निघताना ऋण तार सोडवून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढंच. आणि बॅटरी आपोआपही हळूहळू उतरते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी ती चार्ज करून घ्या.

आखातातून पैसा येतो, त्यातून नवी वस्तू येते. दूर असलेला माणूस प्रेमापोटी तेवढंच करू शकतो. पण घरात काय गळतंय, किती गळतंय, हे घरात राहणाऱ्यालाच बसून मोजावं लागतं. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. आमचा आता अम्मीच्या औषधांच्या डब्याशेजारी असतो.