क्लच, गियर आणि पाच सेकंदं

मारुती ८०० ला 'क्लासिक' म्हटलं की लोक हसतात. हसू देत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेली आणि २०१४ साली बनायची थांबलेली गाडी आहे ती, अजून काय व्हायला हवं क्लासिक म्हणवून घ्यायला? आमच्याकडे आहे ती १९९४ ची, चार गियरवाली, बाबांची.

तर गेल्या महिन्यात तिचा पहिला गियर पडेना. रिव्हर्स टाकला की खर्रर्र. दुसऱ्यालाही अधूनमधून तेच. आणि क्लच एवढा जड झालेला की लक्ष्मी रोडच्या गर्दीतून घरी आल्यावर बाबा डावा गुडघा धरून बसायचे. एके दिवशी म्हणाले, "विकून टाक आता." गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निदान केलं: गियरबॉक्स उतरवायचा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट नवीन. अगदीच चूक म्हणता येणार नाही. प्लेट झिजत आली की पेडलही जड होतं. पण आमच्या धंद्यात लॉग न बघता अख्खं मॉड्यूल पुन्हा लिहायला घेणाऱ्याला काय म्हणतात ते सांगायला नको. म्हटलं, शनिवार मोकळा आहे, आपणच बघू.

पहिला प्रश्न, दोष क्लचमध्ये की गियरमध्ये? इंजिन बंद ठेवून चारही गियर टाकून पाहिले. लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंत जाणारा रॉड आणि त्याचे बुश बऱ्यापैकी ठीक. बंद गाडीतही अडकले असते तर खाली वाकून तिथे बघावं लागलं असतं.

आता इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबला, पाच सेकंदं थांबलो आणि मग रिव्हर्स. ही पाच सेकंदं महत्त्वाची! रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या टाकला तर चांगल्या गाडीतही आवाज येऊ शकतो, कारण गियरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अजून स्वतःच्या वेगात फिरत असतो. थांबलं की तो मंदावतो. आमचा मंदावत नव्हता. खर्रर्र कायम. म्हणजे पेडल तळाला नेऊनही प्लेट पूर्ण सुटत नाही, इंजिन तिला थोडं थोडं फिरवत राहतंय.

याच्या उलटा आजार म्हणजे क्लच घसरणं. तो तपासायला हँडब्रेक ओढून, वर पायाचा ब्रेक दाबून, तिसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला. इंजिन गपकन बंद. मग बोपदेव घाटाच्या चढावर तिसऱ्यात दाबून पाहिली, नुसता आवाज वाढलाय आणि गाडी तिथंच असं एकदाही झालं नाही. पेडल दाबल्यावर घरघरही नाही, म्हणजे रिलीज बेअरिंगवर लगेच संशय नको. थोडक्यात, ज्या प्लेटसाठी गियरबॉक्स उतरणार होता ती अजून नीट पकडत होती.

उरली केबल. ८०० चा क्लच केबलवर चालतो, त्यात ऑइल नाही की सिलिंडर नाही, त्यामुळे पेडल दोन-तीनदा पंप करून काही फरक पडत नाही. हाताने पेडल दाबून पाहिलं तर दोन इंच नुसतं मोकळंच जात होतं. एवढी ढील असेल तर पेडलचा अर्धा प्रवास वायाच. गियरबॉक्सकडच्या टोकाचा नट आवळायला गेलो तर आटे संपलेले. पेडलच्या टोकाला टॉर्च मारला आणि मग सगळा उलगडा झाला. केबलचे तीन-चार पदर तुटून झाडूसारखे पसरले होते. उरलेले ताणले गेले होते आणि आवरणात घासत होते. जड पेडल, लांब ढील, न पडणारा गियर, तिन्हींचं मूळ एकच.

नवी केबल काही शे रुपयांची. बसवायला दोन तास गेले, त्यातला दीड तास पेडलखाली उताणं पडून (माझी पाठ हा वेगळा विषय आहे). ढील थोडीशी ठेवली. अजिबात न ठेवणंही वाईट, मग बेअरिंग कायम दाबाखाली राहतं आणि प्लेट घसरायला लागते.

रिव्हर्स आता निमूट पडतो. दुसऱ्याची खर्रर्र मात्र पूर्ण गेली नाही, घाईत टाकला की येतेच. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला की येत नाही, म्हणजे तिथली सिंक्रोची रिंग झिजली आहे. त्यासाठी मात्र गियरबॉक्स खरंच उघडावा लागेल. बाबांना सांगितलं तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. ते पाटबंधारे खात्याच्या जीपवर शिकले, तिच्या पहिल्या गियरला सिंक्रोच नव्हता. दोनदा क्लच मारणं त्यांच्या पायातच आहे.

परवा स्वतःच मंडईत जाऊन आले. गाडी विकायचं काय, असं मी विचारलं नाही.