चिलखत

बोरिवलीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलच्या महिला डब्यात खिडकीजवळची जागा मिळाली, तर ती माझ्या जॅकेटला मिळते आणि मी उभी राहते. अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी रायफल नेमबाजीचे जॅकेट पाहिले आहे त्यांना वाटणार नाही. जाड कॅनव्हास आणि चामडे यांचे हे वस्त्र घडी घालून पिशवीत कोंबता येत नाही. कोंबले तर त्याचा ताठा मोडतो, आणि ताठा मोडला की ते पावसाळी कोटाइतकेच उपयोगाचे. जमिनीवर ठेवले तर आत माणूस नसतानाही उभे राहते. एका सीनियर मुलीकडून मी ते सहा हजार रुपयांना घेतले, तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्या पैशांत लग्नाचा शालू आला असता, आणि तो निदान कपाटात तरी मावला असता."

एकदा कोथिंबीर निवडत बसलेल्या एका मावशींनी त्या जॅकेटला बोट लावून पाहिले. "पोलिसात आहेस का गं?"

"नाही मावशी, कॉलेजात आहे. नेमबाजी करते."

"म्हणजे हे बुलेटप्रूफ?"

"नाही हो. नुसतं जाड आहे."

"मग गोळ्या लागत नाहीत का तुम्हाला?"

कांदिवली येईपर्यंत सारा डबा या चर्चेत सामील झाला. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, हे बहुतेकींना ठाऊक होते. तो टी.सी. असल्यामुळे त्याच्याविषयी डब्यात एक धाकयुक्त आपुलकीही होती. पण अंगावर जे जाडजूड घालतात ते गोळी अडवण्यासाठी नसते, हे कुणालाच पटेना. मालाडला उतरताना एक बाई मला बजावून गेल्या, "तरी पण जपून बाई."

आता हे जॅकेट असते तरी कशासाठी? दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये उभ्याने साठ गोळ्या झाडायच्या, त्याला सव्वा तास. समोरचे लक्ष्य साडेपंचेचाळीस मिलीमीटरचे, आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलीमीटरचा, पूर्णविरामाएवढा. रायफल साडेपाच किलोंपर्यंतची. ती स्नायूंच्या जोरावर धरली तर दहाव्या गोळीला हात थरथरतो. म्हणून डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे, पाठ किंचित मागे वळवायची आणि भार हाडांवर सोडून द्यायचा. त्या वळलेल्या पाठीला जॅकेट आधार देते, हृदयाचे ठोके रायफलपर्यंत कमी पोचू देते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सव्वा तास अंगावर बाळगणे म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. प्राध्यापकवर्गही हा अंक वाचतो.

गंमत अशी की, हे जॅकेट फार टणक असलेले नियमाला चालत नाही. स्पर्धेआधी तपासनीस त्याची जाडी मोजतात. अडीच मिलीमीटरहून जास्त नको. मग त्यावर एका यंत्राने एक किलोचा भार देतात, आणि कापड निदान तीन मिलीमीटर दबले नाही तर जॅकेट बाद. चिलखत जितके कठीण तितके चांगले असा जगाचा न्याय; आमच्याकडे ते मऊ असल्याचे सिद्ध करावे लागते.

हे सारे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण खरं जॅकेट का घालत नाही?"

आईचे "खरे जॅकेट" कुठून आले, ते मुंबईकरांना सांगायला नको. 26 नोव्हेंबर 2008 ला मी तीन वर्षांची होते. मला त्या रात्रीचे काही आठवत नाही. पण हेमंत करकरे साहेब डोक्यावर हेल्मेट आणि अंगात जॅकेट चढवत आहेत, ती दृश्ये दरवर्षी दाखवतात आणि आई दरवर्षी स्वयंपाक सोडून ती उभ्याने पाहते. पुढे त्या जॅकेटवरून जो वाद झाला, तोही तिला तारीखवार पाठ आहे. आणि तुकाराम ओंबळे यांच्या अंगावर तर काहीच नव्हते. हातात काठी होती, आणि त्यांनी गिरगाव चौपाटीवर समोरच्या रायफलची नळी धरून ठेवली. बंदूक म्हटले की आईच्या डोळ्यांपुढे ही दोन माणसे येतात. माझी एअर रायफल, तिच्यातली अर्ध्या ग्रॅमची शिशाची छर्‍यासारखी गोळी, हे तिच्या हिशेबात बसतच नाही.

त्यावर तिचा इतिहासाचा दाखलाही तयार होता. "महाराज प्रतापगडाला भेटीला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत घालून गेले. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?"

या प्रश्नाला मराठी घरात उत्तर नसते. इतिहास हा माझा विषय असूनही मी गप्प बसले.

मग आईने दादाला, म्हणजे माझ्या मामाला, मुलुंडला फोन केला. मामा केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले. काही वर्षे काश्मीरमध्ये होते. "दादा, तुमच्याकडचं एखादं जुनं जॅकेट असेल तर हिला दे. स्पर्धा आहे." जणू शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी फेटाच मागते आहे! मामा पलीकडे इतके हसले की मला स्वयंपाकघरात ऐकू आले. सरकारी जॅकेट निवृत्तीबरोबर घरी येत नाही, हे त्यांनी सांगितले आणि पुढच्या रविवारी स्वतःच आले.

त्या रविवारी मामांनी आम्हा दोघींचा वर्ग घेतला. बुलेटप्रूफ हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. केव्हलार नावाचा धागा 1965 मध्ये अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला. (आईला हे एकदम आवडले.) त्याच्या विणलेल्या थरांत पिस्तुलाची गोळी अडकते, चपटी होते. पण रायफलची गोळी त्यातून आरपार जाते. ती अडवायला पोलादाची किंवा चिनीमातीच्या जातीची कठीण पाटी छातीवर आणि पाठीवर बसवावी लागते. मामांच्या वेळचे जॅकेट त्यामुळे दहा किलोंच्या पुढे जाई. "आणि पाटी जिथे आहे तिथेच ती वाचवते," मामा म्हणाले. "काखेत नाही, मानेला नाही. आणि गोळी अडली तरी धक्का बसतोच, बरगडी मोडते. ते घालून ही नेम काय धरणार? बसस्टॉपपर्यंत चालली तरी पुष्कळ झालं."

परदेशात मात्र आईचा विचार अगदीच वेडगळ ठरला नसता. तिकडे पिस्तुलाच्या अशा स्पर्धा चालतात की स्पर्धक भरलेले पिस्तूल घेऊन धावतो, वळतो, आडोशामागून मारा करतो. 1976 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया गावी या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिथे हौसेने जॅकेट घालून उतरणारेही असतात, कुणी सरावासाठी, कुणी सुरक्षेसाठी. पण नियमांचा सारा जोर निराळ्याच गोष्टीवर आहे. लोखंडी लक्ष्यावरून उडणाऱ्या कपच्यांसाठी डोळ्यांना चश्मा हवा. आणि नळी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे मागे वळली की स्पर्धक तिथल्या तिथे बाद, मग तो कितीही मोठा विजेता असो. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. प्रतापगडावर समोर अफझलखान होता. तुमच्या रेंजवर समोर कोण असतं?"

"कुणीच नाही. कागद."

"मग धोका कुठून?"

मी उत्तर दिले नाही, कारण प्रश्न सोपा वाटला. रांगेतले सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. हुकमाशिवाय कुणी गोळी भरत नाही, आणि काम संपले की नळीतून भगव्या रंगाची दोरी ओवून ठेवायची, म्हणजे रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसते. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. रायफल नंतर शिकवतात.

पुढच्याच आठवड्यात मामा माझा सराव पाहायला आले. रेंज म्हणजे उपनगरातल्या एका इमारतीखालचा लांबट हॉल. दोरीवर सरकणारी कागदी लक्ष्ये, मागे प्लायवूडचे कपाट आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मामा कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी माझा हात चांगला चालला होता. ओळीने चार दहा लागले. मी पाचवी गोळी भरली, रायफल उचलली, श्वास अर्धा सोडला, आणि मागून मामा कौतुकाने म्हणाले, "अगं, किती झाले?"

मी वळले.

आमच्या जॅकेटमध्ये नुसती मान वळवता येत नाही. कमरेपासून वरचा सारा माणूस फळ्यासारखा एकसंध असतो. वळायचे तर पायांपासून वळावे लागते, आणि हातात जे असेल तेही बरोबर वळते. ट्रिगर इतका हलका असतो की बोट टेकले आहे की नाही हे आपल्यालाही कळत नाही. फट् असा आवाज झाला. मोठा नव्हे; एअर रायफलचा आवाज कधीच मोठा नसतो.

हॉलमध्ये सगळे थांबले. सरांनी "स्टॉप, अनलोड" म्हटले ते अगदी हळू आवाजात. मामा बसल्या जागी होते. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर कपाटाच्या प्लायवूडला एक भोक पडले होते, करंगळीसुद्धा जाणार नाही एवढे. काश्मीरमधून जो माणूस धडधाकट परत आला, त्याच्यावर भाचीने मुंबईच्या उपनगरात रविवारी सकाळी साडेदहा वाजता गोळी झाडली होती. अर्ध्या ग्रॅमची असली तरी डोळा घ्यायला ती पुरेशी असते.

मी रडले की नाही ते आठवत नाही. सरांनी माझ्या हातातून रायफल घेतली, नळीत दोरी ओवली आणि सांगितले, "एक महिना रायफलला हात लावायचा नाही. रोज यायचं मात्र." मग त्यांनी पेनने त्या भोकाभोवती गोल काढून त्यात तारीख लिहिली. तो महिना मी मागच्या रांगेत काढला. दुसऱ्यांच्या नळ्यांत दोऱ्या आहेत की नाहीत ते पाहणे आणि सराव संपल्यावर शिशाच्या चपट्या गोळ्या झाडून डब्यात भरणे हे माझे काम होते. त्याच हॉलमध्ये अंजली भागवत यांचा जुना फोटो लावलेला आहे. कीर्ती महाविद्यालयाच्या एन.सी.सी.त सुरुवात करून 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या आणि 2002 मध्ये म्युनिकला चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ठरलेल्या या बाईंकडे पाहायची मला त्या महिन्यात लाज वाटे. झाडू हातात असला की मी फोटोकडे पाठ करून झाडत असे.

घरी जाताना मामा बसमध्ये काही बोलले नव्हते. घर आले तेव्हा जिन्यात थांबून म्हणाले, "तुझ्या आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही."

मी आठ दिवसांनी सांगितले. मला वाटले होते की जॅकेट, रायफल, सगळे माळ्यावर जाईल. आई बराच वेळ भाजी चिरत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्याविषयी नव्हता. "दादाच्या अंगावर काय होतं?"

"साधा शर्ट."

त्यानंतर तिने मला बुलेटप्रूफ जॅकेट घाल असे कधी सांगितले नाही. सकाळी निघताना मात्र विचारते, "दोरी घेतलीस का?" डबा घेतलास का, पास घेतलास का, त्याच सुरात.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला सहाशेपैकी पाचशे एकसष्ट गुण पडले. पदकाच्या जवळपासही नाही. जॅकेट तपासणीत मात्र पास झाले; पुरेसे मऊ निघाले. स्पर्धेनंतरच्या रविवारी मामा पुन्हा रेंजवर आले. रिकाम्या खुर्च्या तीन होत्या. ते कपाटाशेजारच्या त्याच खुर्चीवर बसले, भोकाभोवतीचा गोल चष्मा वर करून नीट पाहिला, तारीख वाचली आणि वर्तमानपत्र उघडले. मी साठ गोळ्या संपवल्या, नळीत दोरी ओवली, रायफल टेबलावर ठेवली आणि मग वळले.

"झालं?" ते म्हणाले. "चल, वडा खाऊ."