अक्षता आणि मोरपिसं

लग्नाच्या शूटिंगमध्ये सगळ्यांत अवघड क्षण अक्षतांचा. ‘सावधान’ कानावर पडलं की चारी बाजूंनी मुठी सुटतात, पिवळ्या तांदळाचा पाऊस होतो आणि नेमके तेव्हाच पडद्यावर नवरा-नवरीचे चेहरे चौकोनाचौकोनांत फुटतात. दोन-तीन सेकंदांत सगळं जागेवर येतं. पण घरचे लोक तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन बघतात. ज्या घटकेसाठी सगळा मांडव उभा केला, तीच फुटलेली.

आदिलाबादला मी बरीच वर्षं व्हिडिओ मिक्सिंगच्या कामावर बसलो. शूटिंगवाले बेला, जैनथ, तामसीकडच्या गावांना जायचे, पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यालाही. मी पंख्याखाली, कॉम्प्युटरपुढे. आमच्याकडची नाती दोन राज्यांत पसरलेली. १९५६ साली सीमा नव्यानं आखल्या गेल्या, किनवट नांदेड जिल्ह्यात गेलं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. सोयरिकींनी ती रेघ कधी मानली नाही. त्यामुळे लग्नाची एक सीडी कधीच पुरायची नाही. एक मुलीकडं, एक मुलाकडं, एक किनवटच्या आत्याला, एक वणीच्या मावशीला. पुढं डीव्हीडी आली, तरी लोक तिला सीडीच म्हणत राहिले. मीही म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात मामा आले. पैनगंगेकाठच्या त्यांच्या गावाहून, आरटीसीच्या बसनं, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन. घरातलं सगळं तिच्यात होतं. जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवलेलं त्यांचं स्वतःचं लग्न, माझ्या मामेबहिणीचं लग्न, सप्ताहातलं आजोबांचं कीर्तन, शेजारच्या गोंड गुड्यावरची दंडारी, आणि मोबाईलवर टिपलेले आजीचे बारीक बारीक तुकडे. मोजले तर अकरा तास भरले.

“समदं एकाच सीडीत बसव,” मामा म्हणाले. “पण चेहरा खराब होऊ देऊ नको.”

आजीच्या खोलीत जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचं एक बटण तिला नेमकं ठाऊक आहे. पेनड्राईव्ह, मोबाईल तिच्या हाताला येत नाही. म्हणून सीडीच हवी होती, आणि ती एकच असली तर तिला बदलावी लागणार नव्हती.

मामांचा मुलगा आधी एक प्रयत्न करून चुकला होता. सगळ्या फाइली त्यानं झिप केल्या. रात्रभर मशीन चाललं आणि सकाळी आकार जवळजवळ तेवढाच. मामांना हे का झालं ते कळेना. मी त्यांना कापसाच्या भाषेत सांगितलं, कारण आदिलाबादच्या मार्केट यार्डात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई हाती येते. मग प्रेसमध्ये ती दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गाठ सोडली की रुई पुन्हा फुगते, धागा तोच राहतो. व्हिडिओचंही या दोन्ही रीतींनी होतं. काही नुसतं दाबलं जातं आणि जसंच्या तसं परत मिळतं. काही मात्र सरकीसारखं काढून टाकलेलं असतं, ते परत येत नाही. कॅमेऱ्यातून, मोबाईलमधून निघालेली फाइल ही आधीच बांधलेली गाठ. ती पुन्हा प्रेसमध्ये घातली तर आणखी किती दबणार?

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग सरकीच काढ अजून. रुईला हात लावू नको.”

इतक्या वर्षांत माझं काम मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

पण गणित आडवं येत होतं. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. ते अकरा तासांवर पसरलं तर सेकंदाच्या वाट्याला, आवाज धरूनसुद्धा, एक मेगाबिट येत नाही. जुन्या व्हीसीडीला नुसत्या चित्रासाठी १.१५ मेगाबिट मिळायचे, आणि व्हीसीडीचं चित्र डीव्हीडीच्या चौथ्या हिश्श्याएवढं. डीव्हीडीच्या पूर्ण चित्राला सेकंदाला पाचेक मेगाबिट मिळाले तर ते सुखानं नांदतं, म्हणजे एका डिस्कला दोन तास. काहीच न दाबता ठेवायचं म्हटलं तर त्याच डिस्कमध्ये जेमतेम पाच मिनिटं मावतील. पाच मिनिटांचे दोन तास होतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ज्या विचारावर हे उभं आहे तो बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांचा. अमेरिकेत शिकवत असताना टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. डीव्हीडीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन ठरावीक लाटांच्या मिश्रणात मांडतात, मोठ्या लाटा जपतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणाऱ्या बारीक लाटा सोडून देतात. ते चौकोन नेहमीच तिथं असतात. जागा पुरते तोवर त्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात. जागा संपली की उघड्या पडतात.

दुसरी युक्ती वेळेची. जे हललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही. आजोबा कीर्तनाला उभे आहेत, मागं देवळाची चुन्याची भिंत. हलते ती फक्त त्यांची मान आणि चिपळ्यांचा हात. असा तासभर फार थोड्या जागेत मावतो. अक्षता पडताना मात्र प्रत्येक दाणा वेगळ्या वाटेनं येतो. मागच्या चित्रातलं पुढच्या चित्राच्या काही कामी येत नाही. सगळंच नवं, सगळंच लिहून ठेवायचं, आणि जागा तेवढीच.

दंडारीत तर हे मिनिटामिनिटाला होतं. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडाऱ्या या गुड्यावरून त्या गुड्यावर जातात. दंडारीत नाचणाऱ्या गुस्साडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. तो नुसता वळला तरी पिसापिसाचा तंतू वेगळा हलतो, डोळे चमकतात, विझतात. स्वस्तात बसवलेल्या सीडीत त्या टोपाचा हिरवा-निळा लगदा होतो. बघणाऱ्याला वाटतं, डोक्यावर काहीतरी झुडूप आहे. मारलवाईचे कनक राजू यांना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. तेव्हापासून गुस्साडीचा कुठलाही तुकडा लहान करताना माझा हात थांबतो.

मारलवाईचं नाव निघालं की मला आणखी एक डिस्क आठवते. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ तिथं राहून गोंडांचा अभ्यास करत होते. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी त्याच गावात आहे. त्याआधी ते नागा टेकड्यांत राहिले होते. पुढं केंब्रिजमध्ये ॲलन मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागा लोकांची हजारो चित्रं, त्यांत हाइमेनडॉर्फ यांनी काढलेलीही, लेझर डिस्कवर बसवली. ताटाएवढी मोठी डिस्क, तिच्या एका बाजूला ५४,००० स्थिरचित्रं मावत. आपल्या काळात ते फार मोठं काम होतं. आज ती डिस्क वाचणारं यंत्र शोधत फिरावं लागतं. हाइमेनडॉर्फ यांचे फोटो आणि १६ मिलिमीटरच्या फिल्म मात्र लंडनच्या सोआस संस्थेच्या संग्रहात आहेत. मूळ राहिलं म्हणून पुढच्या प्रत्येक यंत्रासाठी नवी प्रत काढता आली.

मामांना मी सांगितलं, एका सीडीत बसणार नाही. बसवून देईन, पण मग चेहरे जातील. तीन करू, दोन-दोन तासांच्या. आणि काय ठेवायचं ते तुम्ही सांगा.

तीन रात्री बसलो. आधी आवाज. अनेक सॉफ्टवेअर आवाज न दाबता ठेवतात. दोन तासांना त्यालाच १.३८ जीबी लागतं. तोच डॉल्बीच्या एसी-३ मध्ये १९२ किलोबिटवर ठेवला की १७० एमबीच्या आसपास, आणि टीव्हीच्या स्पीकरवर कीर्तन ऐकताना फरक कळत नाही. सव्वा जीबीभर जागा चित्राला मिळाली. मग व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी फडफडणारी पट्टी. टीव्हीवर ती बहुधा दिसत नाही, पण सतत हलत असल्यामुळे जागा खाते. तिच्यावर काळी पट्टी ओढली. मामेबहिणीच्या लग्नात मीच घातलेले फिरते फोटो आणि उडणारे बदाम काढून टाकले. तेही अक्षतांइतकीच जागा मागतात. जनरेटरच्या उजेडातल्या रात्रीच्या चित्रातली रवाळी थोडी निवळली. शेवटी एन्कोडिंग दोन फेऱ्यांत लावलं. पहिल्या फेरीत मशीन सगळं नुसतं बघून घेतं, कुठं शांत आहे, कुठं कल्लोळ. दुसऱ्या फेरीत शांत ठिकाणची शिल्लक कल्लोळाला देतं. कीर्तनाच्या डिस्कवरच मी दंडारी ठेवली, ती याचसाठी. देवळाच्या भिंतीनं वाचवलेली जागा मोरपिसांना गेली.

निवडताना एका ठिकाणी आमचं जमेना. मामांच्या लग्नातला आहेर पाऊण तास चालतो. कॅमेरा एका जागी, माईकवर एक माणूस नावं पुकारतोय, अमुक गावचे अमुक यांच्याकडून एकवीस रुपये. मी म्हटलं, हे काढू. मामा नाही म्हणाले. ते प्रत्येक नावाला थांबवत गेले. हा गेला, हा पुण्याला आहे, ह्याच्या बैलजोडीवर आमचं पहिलं वर्ष निघालं. मग माझ्या ध्यानात आलं की हे पाऊण तास ठेवायला जागा फार थोडी लागणार आहे. चित्र हलतच नाही. मी काढायला निघालो होतो ते सगळ्यांत स्वस्त होतं. सगळा आहेर ठेवला, आणि वरातीतला दिव्यांचा नाच अर्ध्यावर आणला.

डिस्का हळू वेगावर राईट केल्या. मामांना सांगितलं, पत्र्याखालच्या पेटीत ठेवू नका; आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यांच्यावरचा रंगाचा थर, ज्यात हे सगळं लिहिलेलं असतं, तो खराब होतो. हार्ड डिस्कमधल्या मूळ फाइलींची एक जशीच्या तशी प्रत काढून माझ्या कपाटात ठेवली, दुसरी त्यांच्याबरोबर परत गेली.

आठवड्यानं मामांचा फोन आला. आजीनं डिस्क बदलायला शिकून घेतलं होतं. अक्षतांच्या जागी तिनं काही म्हटलं का, मी विचारलं. “नाही,” मामा म्हणाले, “ती तर आहेरातली नावं मोजत बसली.”

तुमच्याही घरात अशा फाइली असतील. एकाच डिस्कमध्ये बसवायचा हट्ट धरू नका, दोन लागल्या तर दोन घ्या. आणि डिस्क नीट चालली म्हणून मूळ फाइल पुसू नका; तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.