काळ्याच्या जागी हिरवं

सिक्वेन्सिंगच्या यंत्रातून आलेला आलेख मी अजूनही डोळ्यांनी वाचते. अक्षरं सॉफ्टवेअर लावून देतं, पण माझा भरवसा रंगांवर. ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. एचआयव्हीच्या औषधरोधाची तपासणी म्हणजे बरीचशी ही रंगीत शिखरं पाहत बसणं.

औषधांनी विषाणू दबला की रक्तद्रवातून काही हाती लागत नाही. मग पांढऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत शिरून बसलेला त्याचा डीएनए वाचावा लागतो. त्यात अधूनमधून एखादा असा सिक्वेन्स निघतो की काळं शिखर हवं तिथे हिरवं, आणि तेही पुन्हा पुन्हा. ट्रिप्टोफॅनचा टीजीजी जाऊन टीएजी आलेला असतो, म्हणजे प्रथिनाची बांधणी तिथेच बंद. असा विषाणू पुढे वाढत नाही.

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना वाटतं, नमुना बिघडला. बिघडलेला नसतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी १९९१ सालीच एचआयव्हीत ही जीचा ए होण्याची लाट, म्हणजे हायपरम्युटेशन, नोंदवली होती. ती आणतं कोण, हे मात्र पुढची दहाएक वर्षं कळलं नाही. तपास वेगळ्याच वाटेने लागला. व्हिफ हे आपलं प्रथिन नसलेला विषाणू सीईएम-एसएस पेशींतून निघाला तर पुढे सुखाने पसरतो, सीईएम पेशींतून निघाला तर निकामी ठरतो. पेशी जवळजवळ जुळ्या, मग फरक कशाचा? अ‍ॅन शीही, मायकेल मॅलिम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा फरक घडवणारा जनुक शोधला, आणि जीचा ए करणाराही तोच निघाला. त्याला आज अपोबेक-थ्रीजी म्हणतात. बाविसाव्या गुणसूत्रावर अशी सात भावंडं ओळीने बसली आहेत.

थ्रीजीच्या कामाची रीत मला फार आवडते. ज्या पेशीत तो तयार होतो तिला तो वाचवत नाही. ती तर आधीच गेलेली. तो बाहेर पडणाऱ्या विषाणूत शिरतो आणि पुढच्या पेशीत उतरतो. तिथे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएचा पहिला धागा विणायला घेतो. तो धागा एकेरी, उघडा असतो तेवढ्या वेळात थ्रीजी त्यातल्या सीचे यू करून टाकतो. जोडीचा धागा तयार होताना जीच्या जागी ए बसतो. शिवाय विणणाऱ्या एन्झाइमच्या वाटेत तो नुसता आडवाही येतो, ते वेगळंच.

कोणी हात मारला हे शेजाऱ्यावरून ओळखता येतं. बदललेल्या हिरव्यानंतर काळं असेल तर थ्रीजी. हिरव्यानंतर हिरवंच असेल तर थ्रीएफ किंवा दुसरं एखादं भावंड.

विषाणू गप्प बसत नाही. त्याचा व्हिफ थ्रीजीला धरतो, आपल्याच पेशीतली कलिन-५ची यंत्रणा आणि सीबीएफ-बीटा कामाला लावून त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारवतो, आणि पेशी स्वतःच त्याची विल्हेवाट लावते. आफ्रिकेतल्या ग्रीन माकडाच्या थ्रीजीपुढे मात्र याच व्हिफचं चालत नाही. १२८व्या जागी आपल्याकडे अ‍ॅस्पार्टेट, त्याच्याकडे लायसीन. एवढ्यावर सगळं ठरतं. हे वाचून थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू!

व्हिफला रोखून थ्रीजीला मोकळं सोडावं, ही कल्पना जुनी आहे, पण असं औषध अजून रुग्णाच्या हाती आलेलं नाही. मला त्यात धास्तीही वाटते. विषाणूत थोडेच बदल झाले तर तो मरेलच असं नाही. लॅमिव्ह्युडीन या औषधाला दाद न देणारा एम१८४आय हा बदलसुद्धा नेमका थ्रीजीच्या आवडीच्या जागी पडतो. म्हणूनच अशा हिरव्या सिक्वेन्समध्ये तो दिसला, तर मी औषधरोध म्हणून अहवालात घालत नाही. ज्या विषाणूत मध्येच बांधणी थांबली आहे, त्याच्यासाठी रुग्णाची चांगली चाललेली गोळी का बदलायची?

उपचार घेणाऱ्यांच्या पेशींतला बहुतेक विषाणू-डीएनए असाच निकामी असतो. काही हायपरम्युटेशनने, बराचसा मोठे तुकडे गळाल्याने. साध्या पीसीआरला तो जिवंतासारखाच दिसतो. त्यामुळे ‘विषाणूचा साठा एवढा उरलाय’ असा आकडा कोणी समोर ठेवला, की त्यातले धड किती, हे मी आधी विचारते.