दोघांपैकी खरं कोण?

रात्री पावणेतीनला फोन वाजला. दोन्ही सर्व्हर चालू होते आणि तीच अडचण होती.

तेव्हा मी घरपोच औषधं देणाऱ्या एका कंपनीत होते. ॲपवर आलेली ऑर्डर थेट गोदामाकडे जात नसे. ती आधी मधल्या रांगेत पडायची आणि गोदामाची यंत्रणा आपल्या सवडीनं ती उचलायची. ही रांग सांभाळायला रॅबिटएमक्यू होता. तो बंद पडला की सगळंच ठप्प, म्हणून मी दोन सर्व्हर जोडून प्रत्येक रांगेची प्रत दुसरीकडे ठेवली होती. एक पडला तर दुसरा आहेच, असा हिशोब.

त्या रात्री पडलं कोणीच नाही. दोघांमधलं नेटवर्क काही मिनिटं तुटलं, एवढंच. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला. दोघंही मालक झाले आणि दोघांनीही ऑर्डरी घेतल्या. नेटवर्क परत आलं तरी त्यांचं जुळेना. अशा वेळी उपाय एकच लिहिलेला असतो: ज्याच्यावर जास्त विश्वास आहे तो ठेवा, दुसरा बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरा मग पहिल्याचंच सगळं खरं मानतो. मधल्या वेळात त्यानं एकट्यानं घेतलेलं पुसलं जातं.

ज्याच्याकडे जास्त मेसेज दिसले, तो मी ठेवला. दुसऱ्यातले मेसेज आधी काढून घ्यायला हवे होते, हे सुचलं सकाळी.

पैसे कापले गेलेले, पण ऑर्डर कुठेच नाही, अशी चाळीसेक माणसं निघाली. मी स्वतः फोन करत बसले. एक आजी म्हणाल्या, "अगं, ह्यांचं इन्सुलिन आज संपतंय. तुमचा मेसेज आला म्हणून मी दुकानात गेलेच नाही."

नंतर मी तीन सर्व्हर लावले, वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये. २०१९ मध्ये रॅबिटएमक्यूच्या ३.८ आवृत्तीत कोरम क्यू आल्या होत्या. त्यांचा नियम बहुमताचा. तिघांपैकी दोघांनी मेसेज लिहून घेतल्याशिवाय पावती मिळत नाही. दोनच सर्व्हर असतील तर बहुमत म्हणजे दोघंही. एक गेला की काम थांबलं. म्हणून तिसरा लागतो. एकटा पडलेला सर्व्हर चालू असला तरी पावती देत नाही. आपल्याला पूर्ण माहिती नाही, हे त्याला कळतं. ते मला त्या रात्री कळलं नव्हतं. आरशासारख्या प्रती ठेवणाऱ्या जुन्या रांगा तर २०२४ च्या ४.० मध्ये काढूनच टाकल्या.

एका मंगळवारी भर दुपारी, सगळ्यांना सांगून, मी एका सर्व्हरचं नेटवर्क मुद्दाम तोडलं. हात थरथरत होता. तो गप्प बसला, बाकीचे दोघं काम करत राहिले. दहा मिनिटांनी जोडणी परत दिली आणि पावती मिळालेल्या ऑर्डरी गोदामाच्या यादीशी एकेक करून ताडून पाहिल्या.

सगळ्या होत्या.